अस्तरातली चिठ्ठी

३ एप्रिल

तीर्थरूप वहिनींना साष्टांग नमस्कार.

मी सुखरूप पोहोचले. खोली चौथ्या मजल्यावर आहे, लहान आहे, पण एकटीला पुष्कळ झाली. लाँड्री तिथून पाच मिनिटांवर. मालक भले गृहस्थ आहेत. रफूच्या कामाला उजेड लागतो हे त्यांना न सांगता कळलं आणि त्यांनी मला खिडकीजवळचं टेबल दिलं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा काम, मग खोलीवर येऊन दोन घास खाते आणि नऊला अंथरुणाला पाठ टेकते. बाहेर कुठे जात नाही. हे गेल्यापासून तशी हौसच उरली नाही, तुम्हाला ठाऊकच आहे.

बुटकीची परीक्षा जवळ आली. तिला रात्री फार जागू देऊ नका. निकाल लागला की तिने इकडे माझ्याकडे यायचं आणि इथल्याच कॉलेजात जायचं, हे आपलं ठरलंय तसंच. तोवर लेक तुमच्यापाशी आहे म्हणून मला घोर नाही. भाऊजींना नमस्कार. बुटकीला सांगा, माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीस तरी नाव बदलणार नाही.

तुमची,
धाकटी

(पाकिटाच्या अस्तरातली चिठ्ठी)

वैनी, पाकिटाला दुहेरी कागद लावलाय, आपल्या जुन्या रीतीने. सासूबाई गेल्या, पण जेवणानंतर सगळ्यांसमोर पत्र मोठ्याने वाचायची त्यांची पद्धत भाऊजींनी काही सोडली नाही. तेव्हा बाहेरचं पत्र घराला, आणि अस्तरातलं फक्त तुला. केसांच्या आकड्याने उसव, वाच आणि जाळ, नेहमीसारखं.

आता खरं ऐक. खोली म्हणजे भट्टी आहे. वर पत्रा, दुपारी आत पाऊल ठेववत नाही. मालक एक नंबरचा चिक्कू, सुईसुद्धा मोजून देतो. काल एका कोटाला सिगारेटचं भोक होतं. त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून भरलं, तर हा म्हणतो, दुकानाचा दोरा वाचवलास, शाबास! म्हटलं, अरे शहाण्या, रफू असाच करतात. ज्या कपड्याला भोक, त्याच कपड्याचा धागा. बाहेरचा लावला की चोरी दिसते.

पण वैनी, मला इथे बरं वाटतंय. जिन्यात कुणी भेटलं तर ‘बिच्चारी’ असा चेहरा करत नाही. शेजारीण बसकंडक्टर आहे. आवाज असा की बेल मारायची गरज पडत नसेल. मला म्हणते, ‘नऊला झोपतेस? उन्हाळ्यात? आजारी आहेस का?’ संध्याकाळ झाली की अख्खी गल्ली खुर्च्या घेऊन पाण्याच्या काठाला जाऊन बसते. मला रोज बोलावतात. मी रोज नाही म्हणते. जाऊ का गं?


११ एप्रिल

चि. सौ. — चुकले, सवयीने लिहिलं गेलं. चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जेवणानंतर वाचलं. ह्यांना बरं वाटलं. म्हणाले, नवऱ्यामागे कसं राहावं हे धाकटीकडून शिकावं. बुटकी ताटं उचलायला उठली. ती हल्ली रात्री माझ्या बाजूला येऊन झोपते. पाठ करता करता डोळा लागतो, मग मी दिवा मालवते. पहाटे तिला दूध देते. तू काही काळजी करू नकोस. नऊला झोपतेस हे उत्तम.

थोरली वहिनी

(अस्तरातली चिठ्ठी)

अगं जा की! विचारतेस काय? वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कुणाच्या परवानगीची वाट बघतेस? मी अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाही रात्री आठनंतर घराबाहेरचं वारं खाल्लं नाही. सासूबाई होत्या तेव्हा त्यांचे पाय, त्या गेल्यावर ह्यांचे. तू जा, आणि मला सगळं लिही. काय नेसलीस, कोण कोण होतं, काय बोललात, काय खाल्लंत, हसलीस किती. गाळू नकोस काही. माझी करमणूक दुसरी काय आहे?

आणि बाहेरच्या पत्रात नऊला झोपणं चालू ठेव.


२१ एप्रिल

तीर्थरूप वहिनींना साष्टांग नमस्कार.

पत्र पावलं. इकडे सर्व ठीक. काम पुष्कळ आहे. उन्हाळ्यात लोक लोकरीचे कपडे धुवायला काढतात, आणि कसर लागून पडलेली भोकं तेव्हा दिसतात. दिवसभर डोळे ताणून रात्री कशात मन लागत नाही. बुटकीच्या आठवणीने घास उतरत नाही. परीक्षा कशी चाललीय ते कळवा.

तुमची,
धाकटी

(अस्तरातली चिठ्ठी)

वैनी, गेले! शनिवारी गेले!

ती पांढरी, बारीक निळ्या ठिपक्यांची साडी नेसले, जी ह्यांच्यामागे पेटीतून काढली नव्हती. कंडक्टरीण जिन्यात ओरडली, ‘आली गं बाई, बाहेर आली!’ आणि तीन मजल्यांची दारं उघडली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हसूही आलं.

पाण्याच्या काठाला लांबच्या लांब दगडी कठडा आहे. दिवसभर तापलेला असतो, बसलं की चटका लागतो, म्हणून सगळे आधी पाण्याचा तांब्या ओततात नि मग बसतात. तिथून एक बोट सुटते. शेवटची फेरी रिकामीच असते, तेव्हा बोटवाला गल्लीतल्या लोकांना एका तिकिटात वरच्या पुलापर्यंत नेऊन परत आणतो. दीड तास. वैनी, त्या वाऱ्याचं काय सांगू! पहिल्यांदा कळलं की इतके दिवस मी घामात भिजूनच श्वास घेत होते. चपला काढून ठेवल्या. कलिंगड कापलं होतं, त्याचं पाणी कोपरापर्यंत आलं, आणि चष्म्याच्या दुकानातले आजोबा बिया कोण लांब थुंकतं अशी पैज लावून बसले. मी जिंकले! खोटं वाटतं ना? लहानपणी भावांना हरवायचे. मग कुणीतरी तोंडाचा बाजा काढला, कंडक्टरीण बेसूर गायली, आणि मी पोट दुखेपर्यंत हसले. पुलाखालून जाताना सगळ्यांनी मिळून आरोळी ठोकायची असा त्यांचा रिवाज आहे. मीही ठोकली. आपला आवाज इतका मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं.

आता एक सांगते. तुझ्याशिवाय कुणाला सांगू? परत येताना चष्मेवाल्या आजोबांनी सहज विचारलं, ‘मुलंबाळं काय?’ आणि मी म्हटलं, ‘नाही.’

कसं आलं तोंडातून कोण जाणे. जिभेला हाड नाही म्हणतात ते असं. खरं सांगितलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. मुलगी कुठे, का ठेवली, नवरा कसा गेला. पुन्हा ते ‘बिच्चारी’ चेहरे, आणि तेही बोटीवर. मी ‘नाही’ म्हटलं तर कंडक्टरीण म्हणाली, ‘मग काय, राणी आहेस!’ आणि पुन्हा कलिंगड माझ्या हातात दिलं. तासभर मला लेक नव्हती, वैनी. आणि तुझ्याशी खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. हलकं वाटलं. खोलीवर आल्यावर मात्र उशीत तोंड खुपसून रडले. लेक जिवंत असताना तिला नाही म्हणणारी मी कसली आई?

जाळ हे. आधी जाळ, मग जेव.


२९ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

बुटकीची परीक्षा संपली. पेपर चांगले गेले म्हणते. तुझं पत्र वाचून झालं तेव्हा तिने विचारलं, ‘आई खरंच जेवत नाही का?’ मी म्हटलं, आईचं काळीज असतं ते. तिच्यासाठी मी नवा कुर्ता शिवायला घेतलाय. कापड पातळ आहे, आतून अस्तर लावावं लागेल.

थोरली वहिनी

(अस्तरातली चिठ्ठी)

वेडी की काय तू? ह्यात रडण्यासारखं काय आहे? तासभर पोरीचं ओझं उतरलं तर बरं वाटणारच. ओझं ते ओझं. ज्यांना नाही त्यांना म्हणे त्याची हौस असते. असो.

एक गोष्ट सांगते ती ऐक. केलंस ते दुरुस्त करायला जाऊ नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. नव्या जागी माणसं जशी ओळखतात तशी ओळखू दे.

आणि किती छान लिहिलंयस गं. ते कोपरापर्यंत पाणी, ती आरोळी. मी दोनदा वाचलं. तू पहिल्यापासून मला मोकळं लिहितेस. बुटकीच्या वेळी माहेरी होतीस, तेव्हाच्या तुझ्या चिठ्ठ्या आठवतात? काय वाटेल ते लिहायचीस. मला एकेक शब्द पाठ आहे.

पुन्हा गेलीस की पुन्हा लिही.


९ मे

तीर्थरूप वहिनींना साष्टांग नमस्कार.

परीक्षा छान गेली हे वाचून जीव भांड्यात पडला. मी दुसरी खाट घेतली. खिडकीकडची बाजू तिला देणार. इथलं कॉलेज पाहून आले, अर्ज जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भरायचा आहे. निकाल वीस तारखेला लागतोय, तेव्हा तिला पंचवीसच्या दुपारच्या बसमध्ये बसवून द्यावं. संध्याकाळी सहाला मी स्टँडवर उभी असेन. भाऊजींनी परवानगी द्यावी ही विनंती.

तुमची,
धाकटी

(अस्तरातली चिठ्ठी)

वैनी, तुझं नाही ऐकलं. रागावू नकोस.

पुढच्या दोन शनिवारीही बोटीवर गेले. दर वेळी कंडक्टरीण ‘आमची राणी’ म्हणायची आणि मी चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकायचे. परवा पुलाच्या अलीकडेच म्हटलं, ‘थांबा, मी तुमच्याशी खोटं बोलले. मला मुलगी आहे. सतरा वर्षांची. बारावीची परीक्षा म्हणून जावेकडे ठेवलीय.’ वाटलं होतं, आता तोंड फिरवतील. तर कंडक्टरिणीने पाठीत असा धपका घातला की अजून दुखतंय! म्हणाली, ‘मग आण की तिला! एवढं लपवण्यासारखं काय आहे, डोळा तिरळा आहे का पोरीचा?’ आजोबांनी चष्म्याचा नंबर विचारला. मी सांगितला, तर तिच्यासाठी नवी फ्रेम करतायत. पंचवीसला शनिवारच आहे. बोटीवरचा पुढचा बाक तिच्यासाठी राखून ठेवायचा, मोठं कलिंगड आणायचं आणि पुलाखाली आरोळी तिच्या नावाने ठोकायची, असं सगळ्यांचं ठरलंय.

इतकी वर्षं कुणी माझ्यासाठी काही ठरवलं नव्हतं गं.

एकच भीती आहे. ती चिठ्ठी जाळलीस ना? ते ‘नाही’ तिच्या नजरेला पडलं तर मी मेले. ती माझ्याकडे आली, माझ्यापाशी राहिली की मला दुसरं काही नको. तेवढी एकच गोष्ट मागते देवाकडे. लगेच कळव.


१६ मे

चि. धाकटीस आशीर्वाद.

ह्यांनी परवानगी दिली. बुटकी पंचवीसला येईल. कुर्ता पूर्ण झालाय. अस्तर हाताने घातलं, बारीक टाके, तुझ्यासारखे. तिला फार आवडला. उसवू नकोस हो म्हटलं, वेळ आल्याशिवाय.

थोरली वहिनी

(अस्तरातली चिठ्ठी)

जाळली गं. राखेने भांडी घासली. निजून राहा निवांत.


२७ मे

वैनी,

आज बाहेरचं पत्र नाही आणि आतली चिठ्ठीही नाही. एकच कागद आहे. हवा तर सगळ्यांसमोर वाच.

शनिवारी मी साडेचारपासूनच स्टँडवर होते. ती उतरली. तू शिवलेला कुर्ता अंगात, वेणी तुझ्यासारखी घट्ट. मी मिठी मारली तर उभी राहिली, लाकडासारखी. म्हटलं, प्रवासाने दमली असेल. खोलीवर आणलं, खाट दाखवली. तिने बॅग खाटेवर ठेवली नाही, दाराशी ठेवली. तेही मी पाहिलं आणि मनाशी म्हटलं, नवी जागा आहे, होईल सवय.

बोटीवर सगळे आधीच येऊन बसले होते. पुढच्या बाकावर कंडक्टरिणीने स्वतःची गादी घातली होती. बोट सुटली, आणि ती आपल्या त्या आवाजात म्हणाली, ‘ही का गं तुझी लेक? अगदी तुझ्यावर गेलीय!’

तेव्हा तुमची ती... माझी ती... गोड हसली आणि म्हणाली, ‘लेक? नाही हो. मी पुतणी. धाकट्या काकूंना मूलबाळ नाही.’

मी म्हटलं, ‘बुटके, काय बोलतेस?’ तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘काकू, तुम्हीच सांगितलं होतंत ना यांना? पहिल्यांदा खरं सांगितलंत, मग असं का केलंत?’ आणि मग हळूच, कुणाला तरी समजावून सांगावं तसं कंडक्टरिणीला म्हणाली, ‘काका गेल्यापासून त्या असं म्हणतात. आम्ही घरी त्यांना काही बोलत नाही.’

मी ओरडले. मी खरं सांगते, ही माझी मुलगी आहे, माझ्या पोटची आहे, असं मी किंचाळले, वैनी. जितकी किंचाळले तितके लोक माझ्याकडे बघेनासे झाले. कुणी पाण्याकडे बघतंय, कुणी कलिंगडाकडे. बोटीतून उतरून कुठे जाणार? पुलापर्यंत जायचं आणि पुन्हा यायचं. दीड तास! दीड तास ती सगळ्यांशी बोलत होती. आजोबांना वाकून नमस्कार केला, त्यांची फ्रेम घालून पाहिली. कलिंगड कापून सगळ्यांना वाटलं, मलाही दिलं. ‘घ्या काकू.’ सगळ्यांना आवडली. गुणाचीच आहे, मला माहीत नाही का? मीच वाढवलीय. पुलाखाली कुणी आरोळी ठोकली नाही.

काठावर उतरल्यावर मी तिचा दंड धरला. म्हटलं, मारायचं तर मार मला, पण असं का केलंस? तिने कुर्त्याची कड उलटी केली, नखाने चार टाके उसवले आणि कागद काढून माझ्या हातावर ठेवला. माझं अक्षर. ‘तासभर मला लेक नव्हती, आणि बरं वाटलं.’ तुझ्या त्या राखेने भांडी घासलीस ना? लख्ख निघाली का गं?

मी तिला म्हटलं, पोरी, पुढचंही वाच की, उशीत तोंड खुपसून रडले तेही लिहिलंय. ती म्हणाली, ‘वाचलं. दोन्ही वाचलं.’ मग म्हणाली, ‘तू तर शब्द दिला होतास. मग आता मागायला कशी आलीस?’ मी विचारलं, कसला शब्द? कुणाला दिला? ती पुढे चालायला लागली. रात्रभर दाराशी बॅगेवर बसून राहिली. खाटेवरची चादर तशीच ताठ. पहाटेच्या बसने गेली. खिडकीतून बघेल म्हणून बस दिसेनाशी होईपर्यंत उभी होते.

काल कंडक्टरीण आली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि अगदी हळू आवाजात बोलली, तिला असं हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. म्हणाली, ‘असं होतं गं बायकांना. मन खातं. कुणी तुला काही बोलणार नाही, बघ. शनिवारी ये तू.’ मी फोटो दाखवला, बारशाचा, तिला मांडीवर घेतलेला. तर म्हणाली, ‘हो गं, हो. किती माया तुझी पुतणीवर.’

ह्या जागी मला एकच गोष्ट नको होती, ते ‘बिच्चारी’. आता चारही मजले तेच म्हणतात.

मी तुझं काय वाकडं केलं, वैनी? सासूबाईंच्या राज्यात आपण दोघींनी एकमेकींच्या जिवावर दिवस काढले. तुझ्याशिवाय मी जगात कुणाला खरं सांगितलं नाही. कसला शब्द? एवढं तरी सांग.

धाकटी


४ जून

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझं पत्र जेवणानंतर वाचलं, तू म्हणालीस तसं सगळ्यांसमोर. ह्यांनी मान खाली घातली आणि हात धुवायला गेले. तीस वर्षांत ते कधी काही बोललेत की आता बोलतील! बुटकी शेवटपर्यंत ऐकत बसली होती. हे उत्तरही लिहून झालं की तिला वाचून दाखवीन आणि मगच पाकिटात घालीन. आतून-बाहेरून सारखंच आहे. अस्तर शोधू नकोस.

तू विचारतेस, तुझं काय वाकडं केलं. तुला खरंच आठवत नाही, ह्याचंच मला नवल वाटतं. आठवत असतं तर कदाचित मी एवढं केलं नसतं.

तू बाळाला घेऊन माहेरून आलीस तो दिवस सांगते. मी सकाळपासून दारात उभी होते. पाळण्याला दोरी नवी बांधली होती, दुपटी सहा शिवली होती. तू टांग्यातून उतरलीस, मी दोन्ही हात पुढे केले. तू म्हणालीस, ‘वैनी, हात धुतलेस का गं?’ आणि माझ्या बाजूने आत निघून गेलीस. बास. त्यावर एक अक्षर नाही, सतरा वर्षं. मीही बोलले नाही. तिची आंघोळ मी घातली, गोवरात रात्री मी जागले, शाळेत पहिल्या दिवशी ती माझं बोट सोडेना. आणि मग तू म्हणालीस, नोकरी लागलीय, परीक्षा झाली की पाठवून द्या. पार्सल आहे का ते?

तुझी एकही चिठ्ठी मी आजवर जाळलेली नाही. पेटीत आहेत, तारखेप्रमाणे. पोरीला निघायच्या आधल्या रात्री दोन वाचायला दिल्या, एक कुर्त्याच्या अस्तरातली, ह्या एप्रिलची, जी वाचून तिने परत आत टाचली, आणि एक जुनी. मी वर एक शब्द बोलले नाही. बोटीवर काय बोलायचं तेही मी शिकवलं नाही, ते तिचं डोकं. तू म्हणतेस ना, रफू करताना बाहेरचा दोरा लावायचा नाही, त्याच कपड्याचा धागा घ्यायचा? मीही तेच केलं.

इथल्या कॉलेजचा अर्ज काल भरला. आईच्या रकान्यात तिने तुझं नाव लिहिलंय, कागदाला ते लागतं म्हणे. पालक म्हणून सही माझी आहे.

शनिवारी बोटीवर जात जा. उन्हाळा आहे, खोलीत उकडत असेल.

तू विचारलंस, कसला शब्द, म्हणून ती जुनी चिठ्ठी सोबत परत पाठवते. मला आता तिचं काम उरलं नाही.

थोरली वहिनी


(सोबतचा कागद. घडीवर पिवळा पडलेला, शाई फिकट.)

वैनी, सातवा लागला. पाय सुजलेत, तोंडाला चव नाही, आई दिवसभर ‘हे खा, ते खा’ करून डोकं खाते. तुला म्हणून सांगते, मला हे इतक्यात नकोच होतं गं. लग्नाला वर्ष नाही झालं, कुठे फिरले नाही, काही पाहिलं नाही, आणि बसले पोट घेऊन. ह्यांनी लिहिलं की तू परवा डॉक्टरांकडून पुन्हा रडत आलीस. देव पण काय आंधळा आहे बघ! पंगत कुठे बसलीय नि वाढतोय कुठे. मी तर म्हणते, झालं की तूच घे. हसू नकोस, खरंच म्हणतेय. मुलगा असो, मुलगी असो, तुझ्या मांडीवर ठेवते आणि मी मोकळी. मला काय, आणखी होतील. शब्द दिला तुला. उद्या मागायला आले तर दारातसुद्धा उभी करू नकोस मला.

वाचून जाळ.